शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

मनुष्याच्या देहावर शस्त्र चालविण्याची विद्या फार प्राचीन आहे. पण शस्त्र चालविल्यानंतर तो मनुष्य जिवंत घरी परतेल असा भरवसा देणारी विद्या पावणेदोनशे वर्षांचीही नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ध्यानात कधी आली नसेल. आज एखाद्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखू लागून आंत्रपुच्छ कापावयाचे ठरले, तर तो दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देतो, उधारीची वही कोठे ठेवली आहे ते सांगतो, आणि चार दिवसांत येतो असे म्हणून इस्पितळाची वाट धरतो. १८५० सालच्या सुमारास लंडन, पॅरिस किंवा व्हिएन्ना येथील नामांकित इस्पितळात जाणाऱ्या रोग्यास असे म्हणण्याची सोय नव्हती. पोट उघडण्याचे बहुतेक शस्त्रवैद्य मनातही आणीत नसत. पाय मोडून हाड कातडीबाहेर आले तर पाय कापून टाकावा, हा सर्वमान्य उपाय असे. आणि कित्येक इस्पितळांत पाय कापलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर पडत. ही स्थिती पालटली ती अनेकांच्या श्रमाने पालटली, हे खरे; तथापि त्यांतून एकच नाव निवडावयाचे झाल्यास जोसेफ लिस्टर यांच्या नावाखेरीज दुसरे सुचत नाही. त्यांच्या चरित्रात युद्धे नाहीत, राज्यक्रांत्या नाहीत, तुरुंगवासही नाही. एक विचार धरून ठेवून चाळीस वर्षे रोज सकाळी इस्पितळात जाणाऱ्या, विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्या आणि सायंकाळी घरी येऊन पत्नीसह प्रयोगांची टिपणे लिहिणाऱ्या एका गृहस्थाची ही हकिकत आहे.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनच्या पूर्वेस अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधा पोशाख, मोजके भाषण, नाचतमाशाचा त्याग आणि व्यवहारात सचोटी ही त्या पंथाची शिस्त होती. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे द्राक्षमद्याचे व्यापारी होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडून बापाच्या दुकानात बसण्यास आरंभ केला होता. म्हणजे ज्यास आपण शिक्षण म्हणतो ते त्यांस लाभलेच नाही. पण या व्यापाऱ्यास भिंगांचा नाद होता. त्या काळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसे व आकार अस्पष्ट होई, त्यामुळे शास्त्रज्ञ त्या यंत्राकडे संशयाने पाहत. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात या गृहस्थांनी गणित स्वतःच शिकून घेतले, भिंगे कशी जोडली असता हा दोष जातो ते शोधून काढले, आणि १८३२ साली रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांनी व त्यांचे मित्र डॉक्टर हॉजकिन यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा खरा आकार प्रसिद्ध केला. आमच्या पेठांतील व्यापारी वर्गाने ही गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याने विद्येशी संबंध केवळ देणगीच्या पावतीपुरता ठेवावा, असा कोठे लेख नाही. पुढे मुलाने जंतूंचे अस्तित्व मानले याचे एक कारण असे, की सूक्ष्म वस्तू डोळ्यांनी पाहण्याची सवय त्यास बापाच्या घरी बाळपणीच लागली होती.

ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचे दरवाजे त्या काळी अँग्लिकन पंथाबाहेरच्यांस बंद असल्यामुळे लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. मध्यंतरी त्यांस देवी आल्या, मन खचले आणि शिक्षण काही काळ सुटले. परंतु ते पुन्हा उभे राहिले आणि १८५२ साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. बोलण्यात किंचित अडखळणारा, लाजाळू असा हा तरुण होता. १८५३ साली त्यांच्या एका गुरूंनी त्यांस एडिंबरोचे प्रख्यात शस्त्रवैद्य जेम्स साईम यांच्याकडे एक महिना राहून अनुभव घेण्याकरिता चिठ्ठी देऊन पाठविले. महिन्याची सात वर्षे झाली! साईम यांनी त्यांस आपले साहाय्यक केले, घरी जेवावयास बोलाविले, आणि कालांतराने साईम यांची वडील कन्या ॲग्नेस व लिस्टर यांचे मन जुळले. अडचण होती ती धर्मपंथाची. क्वेकरांत पंथाबाहेर विवाह करणाऱ्यास पंथात राहता येत नसे. लिस्टर यांनी आपण होऊन पंथ सोडला आणि २३ एप्रिल १८५६ रोजी विवाह केला. या प्रसंगी वडिलांनी जे औदार्य दाखविले त्याचा विसर पडता कामा नये. पोराने पिढीजात पंथ सोडला म्हणून त्यांनी घराचे दार लावून घेतले नाही. पितापुत्रांचा पत्रव्यवहार पूर्वीइतकाच मोकळेपणाने चालू राहिला, आणि प्रत्येक नवा प्रयोग मुलगा आधी बापास कळवीत असे. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या मुलामुलींस मेल्यात काढणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. त्यांनी या क्वेकर व्यापाऱ्याशी आपली तुलना करून पाहावी.

विवाहानंतर हे जोडपे युरोपच्या प्रवासास निघाले ते बव्हंशी इस्पितळे पाहण्याकरिता! ॲग्नेसबाईंनी हे हौसेने पत्करले असे दिसते, कारण पुढील सदतीस वर्षे त्यांनी तेच केले. बेडकाच्या पायाचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली धरून जखमेच्या जागी रक्त कसे साकळते, लाली व सूज कशी येते हे लिस्टर पाहत व तोंडाने सांगत, आणि बाई ते लिहून घेत. हे काम तासन्‌तास चाले. त्या प्रयोगांच्या जाड वह्यांतील पुष्कळ अक्षर बाईंचे आहे. त्यांस मूलबाळ झाले नाही. घर मात्र रिते नव्हते: भाऊ, बहिणी, पुतणे, भाचे यांचा राबता असे, आणि घरातील एका खोलीत काचेच्या कुप्यांची दाटी असे.

१८६० साली लिस्टर यांची ग्लासगो विद्यापीठात शस्त्रविद्येचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली, आणि १८६१ साली तेथील रॉयल इन्फर्मरी या इस्पितळाचे काही वॉर्ड त्यांच्या हाती आले. इमारत नवीन होती, तरीही माणसे मरत. जखमेत पू होणे ही त्या वेळी चांगली खूण मानीत. दाट पांढरा पू आला की जखम भरण्याच्या मार्गावर आहे असे विद्यार्थ्यांस शिकवीत. धावरे, रक्तात पू भिनणे, आणि मांस दिवसादिवसाने कुजत जाऊन पडणे, हे रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात. शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळी एक जुना डगला घालीत. त्यावर वर्षानुवर्षांचे रक्त वाळून तो कडक झालेला असे, आणि तो जितका कडक तितका त्याचा मालक अनुभवी असे समजत. प्रेत चिरून आलेले हात वरवर पुसून प्रसूत होणाऱ्या स्त्रीस तपासण्यात कोणास गैर वाटत नसे. १८४६ साली ईथर व १८४७ साली क्लोरोफॉर्म यांचा उपयोग सुरू झाल्यामुळे रोग्याची वेदना गेली होती, पण त्याचा परिणाम असा झाला की शस्त्रवैद्य अधिक धीट झाले, शस्त्रक्रिया वाढल्या, आणि त्यांबरोबर पुवाने मरणारेही वाढले. या सर्वांचे कारण वाईट हवा होय असे पंडितांचे मत होते. लिस्टर यांच्या वॉर्डाखाली थोडी जमीन खणली तेव्हा १८४९ सालच्या पटकीत मेलेल्यांच्या पेट्या पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर रचलेल्या आढळल्या; मग तर हवेस दोष देणे अगदीच सोपे झाले.

लिस्टर यांस मात्र एक शंका छळीत होती. हाड आतल्या आत मोडले व कातडी शाबूत राहिली, तर तोच रोगी, त्याच वॉर्डात, त्याच हवेत, बिनपुवाचा बरा होतो. आणि कातडीस बोटभर भोक पडले की मरणाची वाट धरतो. तर मग त्या भोकातून आत जाते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत नव्हते. ते रसायनशास्त्राच्या अध्यापकाने दिले. थॉमस अँडरसन या सहकाऱ्याने त्यांचे लक्ष फ्रान्समधील लुई पाश्चर यांच्या लेखांकडे वेधले. दूध नासते, द्राक्षरस आंबतो, मांस कुजते, हे हवेने आपोआप होत नसून हवेतील धुळीबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे होते, असे पाश्चर यांनी कुप्यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले होते. आमच्या घरांतील कोणत्याही जाणत्या बाईस हे समजण्यास कठीण नाही. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, दूध सायंकाळी पुन्हा तापवून ठेवावे, हे नियम तिला कोणा पाश्चरने शिकविलेले नाहीत. लिस्टर यांनी ते प्रयोग प्रथम स्वतः करून पाहिले, आणि मग त्यांच्या मनाने उडी घेतली: जखमेत पू होतो तोही एक प्रकारचा कुजण्याचाच व्यापार असला पाहिजे. मनुष्याचा पाय काही दुधासारखा उकळता येत नाही. म्हणून जंतू मारील पण मांस जाळणार नाही असे द्रव्य हवे होते. कार्लाइल गावी सांडपाण्याची दुर्गंधी घालविण्यास कार्बॉलिक ॲसिड वापरतात, आणि ते सांडपाणी ज्या कुरणांवर सोडतात तेथील गुरांचा एक रोगही त्यामुळे थांबला, असे त्यांच्या वाचनात आले. गटाराचे औषध त्यांनी इस्पितळात आणले.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी अकरा वर्षांचा एक मुलगा गाडीचे चाक पायावरून गेल्यामुळे इन्फर्मरीत आणला गेला. नडगीचे हाड मोडले होते व कातडी फाटली होती. लिस्टर यांनी कार्बॉलिक ॲसिडात भिजविलेली लिंटची घडी जखमेवर बसविली, फळ्या बांधल्या आणि चार दिवस ती उघडली नाही. उघडताना नेहमीची घाण येईल अशी सर्वांची अपेक्षा होती; ती आली नाही. सहा आठवड्यांनी मुलगा आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १३ ऑगस्ट १८६५ रोजी, व्हिएन्नाजवळील एका वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेल्वाईस हे हंगेरियन वैद्य रक्तात विष भिनून मरण पावले. हात क्लोरीनच्या पाण्याने धुतले तर बाळंतिणी मरत नाहीत, हे त्यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. ते कोणी मानले नाही. लिस्टर यांच्या तर त्या वेळी ते कानावरही आलेले नव्हते. योगायोगांत अर्थ शोधण्याची आम्हांस सवय नाही, तरी हा योगायोग वाचताना मन थबकते. सत्य सांगणाऱ्याचे कोणी ऐकले नाही म्हणजे अठरा वर्षे किती घरांतील किती आया जातात, याचा हिशेब त्यात आहे.

दीड वर्ष लिस्टर काही बोलले नाहीत. अकरा रोगी झाल्यावर, १८६७ सालच्या मार्चपासून, त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात आपली हकिकत क्रमाने प्रसिद्ध केली. अकरांपैकी एक दगावला होता व एकाचा पाय कापावा लागला होता. ते दोन्ही त्यांनी लपविले नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांच्यावर एक वेगळाच प्रसंग आला. त्यांची बहीण इझाबेला हिच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. इतर शस्त्रवैद्यांनी हात लावण्याचे नाकारले. रोग काखेपर्यंत गेला होता, आणि एवढी मोठी जखम केली तर ती पुवाने मरणार, हा त्यांचा तर्क त्या काळी बरोबरच होता. लिस्टर यांनी आधी प्रेतावर ती शस्त्रक्रिया करून पाहिली, एडिंबरोस जाऊन सासऱ्यांचा सल्ला घेतला, आणि जून महिन्यात आपल्या ग्लासगोच्या घरातील जेवणाच्या मेजावर बहिणीस निजवून स्वतःच्या हाताने शस्त्र चालविले. सख्ख्या बहिणीच्या छातीवर सुरी धरताना त्या मनुष्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे लिहून दाखविण्याचा आमचा अधिकार नाही. जखम पुवाशिवाय भरली. रोग पुढे यकृतात उलटला, पण तिला जवळजवळ तीन वर्षे अधिक मिळाली. आपल्या मतावर मनुष्याचा किती विश्वास आहे हे ते मत तो कोणाच्या अंगावर करून पाहण्यास सिद्ध होतो यावरून ठरते. दुसऱ्याच्या लेकरांवर प्रयोग करून पाहणारे सुधारक आम्ही थोडे पाहिलेले नाहीत.

आकडेही बोलू लागले. त्यांच्या वॉर्डात पूर्वी हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ मेले होते. नवी पद्धत सुरू झाल्यानंतरच्या तीन वर्षांत ४० पैकी ६. तरीही विरोध झाला, आणि तो अडाण्यांकडून झाला नाही. क्लोरोफॉर्मचा उपयोग दाखवून जगास उपकृत करणारे सर जेम्स सिम्पसन यांनीच आक्षेप घेतला, की हे ॲसिड फ्रान्समध्ये आधीच वापरले गेले आहे, मग यात नवे ते काय? औषध नवे नव्हते, हे खरे. विचार नवा होता, आणि तेवढेच सिम्पसन यांच्या लक्षात आले नाही. इतरांची तक्रार अशी की डोळ्यांस न दिसणाऱ्या प्राण्यांवर विश्वास कसा ठेवावा? कित्येकांनी ॲसिडात बोळा भिजवून जखमेवर ठेवला, पण हात, शस्त्रे व दोरे पूर्वीसारखेच घाण ठेवले, आणि मग पद्धत फसली म्हणून बोंब केली.

येथे आमच्या समाजाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. शुद्धाशुद्धतेचा विचार करण्यात आम्हांस कोणी शिकवावे असे आम्हांस वाटत नाही. कोणाच्या सावलीने विटाळ होतो, कोणते वस्त्र सोवळ्याचे, हे आमच्या आजीस मुखोद्गत होते. पण त्याच घरात बाळंतिणीची खोली म्हणजे सर्वांत अंधारी खोली असे. तिच्या अंथरुणास टाकाऊ चिंध्या. नाळ कापावयास हाताशी सापडेल ते पाते. आणि कित्येक ठिकाणी नाळेवर शेण लावीत. सातव्या-आठव्या दिवशी मूल आखडून गेले म्हणजे बाहेरची बाधा झाली म्हणत. तो धनुर्वात होता, आणि तो पात्यावरून व शेणातून येत असे. आमचे सोवळे माणसाची जात पाहत असे. लिस्टर यांचे सोवळे हाताचे नख पाहत असे. या दोहोंतील अंतर कळावयास आम्हांस फार काळ लागला. माता व नवजात बालके यांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले ते २०१५ साली.

१८६९ साली साईम यांस पक्षाघात झाला आणि त्यांच्या जागी लिस्टर एडिंबरोस आले. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. पुढील आठ वर्षे त्यांच्या अध्यापनाच्या वैभवाची होत. व्याख्यानाची खोली विद्यार्थ्यांनी भरून जाई. ते पुस्तक वाचून दाखवीत नसत; रोगी समोर आणून, त्याचे दुःख काय, आपण काय केले व कोठे चुकलो, हे सांगत. रोग्यासमोर त्याच्या रोगाविषयी भीती वाटेल असा शब्द उच्चारू नये, व धर्मार्थ खाटेवरील भिकाऱ्यासही सरदारासारखेच वागवावे, हा त्यांचा दंडक होता. राणी व्हिक्टोरिया यांच्या काखेतील गळू १८७१ साली त्यांनी बाल्मोरल येथे कापले. त्याच हातांनी ते गवंड्यांच्या व हमालांच्या पट्ट्या स्वतः बदलीत. एका लहान मुलीच्या बाहुलीचा पाय तुटला होता, तेव्हा तिच्या गुडघ्याची पट्टी झाल्यावर लिस्टर यांनी सुईदोरा मागवून घेऊन तो पाय गंभीरपणे शिवून दिला, असे त्यांचे विद्यार्थी सांगत असत. क्षयाने एक पाय गमावलेला व दुसराही गमावण्याच्या बेतात असलेला विल्यम हेन्ली नावाचा तरुण १८७३ साली त्यांच्याकडे आला. सुमारे वीस महिने इस्पितळात ठेवून त्यांनी त्याचा पाय वाचविला. पुढे तो इंग्रजीतील नामांकित कवी झाला, आणि इस्पितळातील त्या दिवसांवर त्याने एक कवितासंग्रहच लिहिला.

याच काळातील एक गोष्ट आम्हांस आवडत नाही, म्हणून ती गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या मैत्रिणी एडिंबरो येथे वैद्यक शिकू पाहत होत्या तेव्हा लिस्टर त्यांच्या बाजूस नव्हते. ज्या मनुष्याची प्रत्येक टिपणवही पत्नीच्या हाताने भरलेली, त्यास स्त्रिया हे शास्त्र शिकण्यास योग्य नाहीत असे का वाटावे, हे एक कोडेच आहे. १८७६ साली ते आपले मत मांडण्याकरिता अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेले होते. बरोबर दहा वर्षांनी त्याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून आमच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि १८९४ साली डॉक्टर रखमाबाई ब्रिटनमध्येच पदवी मिळवून मुंबईस परतण्यास सिद्ध झाल्या. मोठ्या माणसाचा एक डोळा उघडा असला म्हणजे दुसराही उघडा असतोच असे नाही.

स्वदेशापेक्षा परदेशात त्यांचा जयजयकार आधी झाला. कोपनहेगन, लाइपझिग, म्युनिक, हाले येथील शस्त्रवैद्यांनी त्यांची पद्धत उचलली व आपल्या वॉर्डांतील मृत्यू घटल्याचे पाहिले. १८७५ साली जर्मनीत ते गेले तेव्हा ठिकठिकाणी त्यांचा सत्कार झाला. लंडन मात्र हटून बसले होते. म्हणून १८७७ साली, पन्नाशीस, एडिंबरोचे भरलेले दिवाणखाने सोडून ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. जाताना आपल्या हाताखाली तयार झालेले चार साहाय्यक घेऊन गेले, कारण तेथील परिचारिकांच्या हाती आपल्या जखमा देण्याची त्यांची तयारी नव्हती. आरंभी बाके रिकामी राहत. जेथे शेकडो विद्यार्थी ऐकावयास येत असत, तेथे आता बोटांवर मोजण्याइतके येत, तेही परीक्षेत या मतांस गुण मिळणार नाहीत या भीतीने चुळबुळत. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुडघ्याची वाटी फुटलेला एक मनुष्य आला. निरोगी सांधा उघडणे म्हणजे त्या काळी मनुष्यवधासारखेच समजत. लिस्टर यांनी तो उघडला, वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने जोडले, आणि मनुष्य बरा झाला. लंडनचे मन वळू लागले ते येथून.

त्यांच्या ठायी हट्ट होता, पण अहंकार नव्हता. १८७१ पासून त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बॉलिकचा फवारा मारण्याची पद्धत पाडली होती. तो फवारा सर्वांच्या डोळ्यांत जाई, हात पांढरे पडून बधिर होत, खोकला येई. पण शिष्यांनी तो निष्ठेने चालविला. जंतू हवेपेक्षा हातांवर, कातडीवर व शस्त्रांवर अधिक असतात असे ध्यानात येताच लिस्टर यांनी फवारा टाकून दिला, आणि १८९० साली बर्लिन येथे जगातील वैद्यांच्या परिषदेत तो आपण कधी सुचविला याची लाज वाटते, अशा आशयाचे स्पष्ट सांगितले. जर्मनांनी पुढे वाफेने शस्त्रे व वस्त्रे निर्जंतुक करण्याची रीत काढली व ॲसिडाचे महत्त्व कमी झाले. त्याबद्दलही त्यांनी कुरकुर केली नाही. जखमेच्या आत राहून आपोआप विरघळणारी तात त्यांनी वासरावर प्रयोग करून तयार केली. ती कल्पना आजही शस्त्रक्रियेत वापरली जाते. प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध मत द्यावे अशी राणीची इच्छा १८७५ साली त्यांस कळविण्यात आली, तेव्हा त्यांनी आदराने नकार दिला. त्यांच्या नावावरून एका अमेरिकन औषध बनविणाऱ्याने तोंड धुण्याच्या औषधास लिस्टरीन असे नाव दिले; आमच्या औषधांच्या दुकानांत ती बाटली रोज विकली जाते, पण विकणारा व घेणारा या दोघांसही नावामागील मनुष्य ठाऊक नसतो.

२७ डिसेंबर १८९२ रोजी पॅरिस येथे पाश्चर यांच्या सत्तरीचा समारंभ झाला. रॉयल सोसायटीच्या वतीने लिस्टर यांनी फ्रेंच भाषेत त्यांचे आभार मानले, आणि पक्षाघाताने लंगडणारे पाश्चर उठून पुढे आले व त्यांनी भर सभेत लिस्टर यांस आलिंगन दिले. एकाने कुपीत पाहिले होते, दुसऱ्याने जखमेत. हा आनंद फार दिवस टिकला नाही. पुढच्याच वसंतात लिस्टर पती-पत्नी सुट्टीकरिता इटलीतील रापालो येथे गेले असता ॲग्नेसबाईंस न्युमोनिया झाला आणि १२ एप्रिल १८९३ रोजी, चार दिवसांच्या दुखण्यात, त्यांनी देह ठेवला. ज्या मनुष्याने जखमांतील जंतूंस हटविले त्यास फुप्फुसातील जंतूंपुढे हात जोडून बसावे लागले; त्या रोगावर औषध येण्यास अजून चाळीस वर्षांहून अधिक अवकाश होता. त्यांनी त्याच वर्षी व्यवसाय सोडला. प्रयोगांच्या वह्या चालू राहिल्या, परंतु त्यांतील दुसरे अक्षर गेले.

मान पुष्कळ मिळाले. १८८३ साली बॅरोनेट, १८९७ साली लॉर्ड, १८९५ ते १९०० रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच मुंबई व पुणे येथे प्लेगाने घरे ओस पाडली, आणि पाश्चर यांच्या संस्थेतून आलेले हाफकीन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे त्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे चौकशीत दिसून आले. हाफकीन निर्दोष असल्याचे मान्य होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. लिस्टर ग्लासगोच्या वॉर्डात जे रोज घसा कोरडा करून सांगत, त्यातील एका ओळीचा विसर पडल्याची ती किंमत होती. आज जंतुनाशक गोळ्या पेठेत चणेफुटाण्यांसारख्या मिळतात, त्या न विचारता घेतल्या जातात, आणि त्यांस न जुमानणारे जंतू इस्पितळांत वाढत आहेत. अशा वेळी आपल्या रोग्यास हात लावण्यापूर्वी डॉक्टर व परिचारिका हात धुतात की नाही, हे पाहण्याचा व नसल्यास तसे म्हणण्याचा संकोच कोणाही गृहस्थाने बाळगू नये.

शेवटची वर्षे लिस्टर यांनी केंट परगण्यातील वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी काढली. दृष्टी व कान मंदावले होते, लिहिणे बंद झाले होते. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजे व कवी जेथे निजले आहेत तेथे, त्यांस जागा देऊ करण्यात आली होती. अंत्यविधी तेथे झाला. पण देह त्यांच्या इच्छेप्रमाणे वेस्ट हॅम्पस्टेड येथील साध्या स्मशानभूमीत नेऊन ॲग्नेसबाईंच्या शेजारी पुरण्यात आला. प्रयोगांच्या त्या वह्या लंडन येथील शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजात ठेवल्या आहेत. त्या उघडून पाहणाऱ्यास पानेच्या पाने दोघांची अक्षरे एकापाठोपाठ दिसतात.